सकाळचा आजार, दुपारचे डॉक्टर

माझा आजार दुपारी घरी नसतो. सकाळी पाचला तो माझ्याआधी उठलेला असतो, दहाही बोटांत ठाण मांडून बसलेला असतो, आणि साडेनऊ-दहाच्या सुमारास कुणाला न सांगता निघून जातो. कधी उन्हातून आल्यावर गालांवर थोडा वेळ लाल होऊन दिसतो, तेवढंच. आणि जालन्याला सांध्यांचे डॉक्टर येतात गुरुवारी दुपारी एक वाजता. या दोघांची एकदा समोरासमोर गाठ घालून द्यावी, एवढं साधं काम मी श्रावणात हाती घेतलं आणि ते डिसेंबरात गेलं.

परतूरला रेल्वे फाटकाच्या अलीकडे आमचं घर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तेहेतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात, गुडघ्यांकडे लक्ष देतात. मला शिकवण्याखेरीज दुसरं काही येत नसल्यामुळे मी ओसरीत वर्ग भरवला. सकाळी सात ते साडेआठ, चौदा मुलं. फी एवढीच की जो पहिला येईल त्याने ओसरी झाडायची. आदल्या दिवशी मुलं वह्या ठेवून जातात आणि पहाटे मी त्या लाल पेनने तपासते. प्रत्येक पानाखाली सही, सहीखाली दिनांक. दिनांकाशिवाय केलेली सही ही सहीच नव्हे, असं आमच्या पहिल्या मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं. ते गेले, त्यांचं म्हणणं माझ्या हातात राहिलं.

पहाटेची ती वेळ खरं सांगायचं तर वाईट नसायची. जाग आली तरी बोटं झोपलेली. ती उशीशेजारी पडलेली असत, जशी कुणी पाहुणीने काढून ठेवलेली आणि न्यायची विसरलेली वस्तू. लांबून मालगाडी यायची, खूप वेळ जात राहायची, आणि मला वाटायचं की डबे संपले की मूठ मिटेल. डबे संपायचे. मूठ अर्ध्यावर थांबायची. जिनिंगकडून उडालेला कापसाचा एखादा पुंजका खिडकीच्या जाळीत अडकून हलत असायचा आणि मी त्याच्याकडे बघत पुढच्या गाडीची वाट बघायची. अंग असं हलकं आणि असं जड, दोन्ही एकदम, की आपण पलंगावर आहोत की पलंगाच्या थोडं वर, ते नक्की सांगता येऊ नये. मग मी उठून लाल पेन मुठीत धरायची, लहान मूल चमचा धरतं तसं, आणि वह्या ओढायची.

मुलांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. हात पदराखाली. फळ्यावर लिहायची वेळ आली की म्हणायचं, "आजपासून फळ्यावर मुलंच लिहितील. हा एक नवा प्रयोग आहे." प्रयोग या शब्दाला शिक्षण खात्यात कुणी आडवं जात नाही. मुलंही गेली नाहीत.

आडवी गेली ती आमची सुमेधा. ती पुण्याला असते, कंपनीत आहे, आणि तिला प्रत्येक गोष्टीला एक तारीख लागते.

"मम्मी, डिसेंबर संपायच्या आत तुझ्या आजाराचं नाव कळलं पाहिजे," ती फोनवर म्हणाली. "न्हाई कळलं तर जानेवारीत तुम्ही दोघं इकडं. वर्ग बंद. तिथं एकटीनं हात चोळत बसायचं न्हाई."

"एकटी कुठं? तुझे पप्पा आहेत."

"पप्पांना त्यांचा चष्मा सापडत न्हाई, तुझा आजार काय सापडणार?"

तिने एक जादा खोली असलेलं घर भाड्याने घेतलंही. त्या खोलीला लावलेल्या पडद्यांचा फोटो पाठवला. मी "पडदे छान आहेत" असं लिहिलं, आणि ते माझ्या संमतीत धरलं गेलं.

तेव्हा माझ्यासाठी सवाल असा होता की नाव सापडलं तर वर्ग, नाही सापडलं तर पडदे.

पहिल्या फेरीला आम्ही नऊच्या गाडीने जालन्याला निघालो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे, तातेराव. हे पोस्टमन होते. चौतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या घरी पडलं नाही, हे त्यांचं वाक्य आमच्या घरात रोज एकदा तरी म्हटलं जातं, त्यामुळे ते इथेही आलेलं बरं. मोंढ्याकडच्या एका दवाखान्यात नाव नोंदवायचं होतं. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "मुख्य तक्रार काय?"

मी सांगायला लागले. "तशी तक्रार म्हणता येणार नाही, पण साधारण आषाढापासून सकाळी..."

"एका शब्दात सांगा, आज्जी. कंप्युटरमधी जागा न्हाई."

आयुष्यभर मी एका शब्दात उत्तर देणाऱ्या मुलांचा अर्धा गुण कापला आहे. मला शब्द सुचेना. तिने बघितलं, मागची रांग बघितली आणि लिहिलं, "हातपाय."

दीड वाजता आत बोलावलं. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीपेक्षाही लहान, डॉ. तृप्ती. छत्रपती संभाजीनगरहून येणारी, शांत डोळ्यांची मुलगी. तिने माझे हात हातात घेतले, एकेक बोट हळू दाबलं.

"मूठ मिटा."

मी मिटली. कवायतीत दाखवावी अशी मिटली. मला स्वतःचाच राग आला.

"त्रास होतो का?"

"नाही तसा. बरी आहे मी."

बाहेर आल्यावर तातेराव म्हणाले, "बाई, आपण इतक्या लांब आल्तो ते बरी आहे सांगायला?" गल्ली मला बाई म्हणते म्हणून हेही बाई म्हणतात. मला तेव्हा कळलंच नव्हतं की माझ्या तोंडून हे का निघालं. तेहेतीस वर्षं शाळेत तपासणीला साहेब आले. छत गळत होतं, खडू संपले होते, एकदा तर वर्गात विंचू निघाला होता, आणि साहेबांनी "काय बाई, कसं काय?" विचारलं की मी म्हणायची, "सगळं व्यवस्थित आहे, साहेब." टेबलाच्या पलीकडे बसून कुणी विचारलं की माझ्यातून तेच उत्तर येतं. त्याला माझी परवानगी लागत नाही.

डॉक्टरने रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. आठ दिवसांनी कागद आले. त्यातली एक तपासणी पॉझिटिव्ह होती, पण "क्षीण" असं पुढे लिहिलेलं. दुसरी निगेटिव्ह. तिसरीचा आकडा ठळक छापलेला, म्हणजे नापास. खाली बारीक अक्षरांत होतं की या निकालाचा अर्थ डॉक्टरांनी लक्षणांशी जुळवून लावावा. आणि डॉक्टर तर म्हणाली होती, लक्षणं दिसत नाहीत, आपण रिपोर्ट बघू. दोन कारकुनांनी एकच फाईल एकमेकांच्या टेबलावर ठेवत राहावं, तसं झालं.

समोरच्या उषाबाईंनी तो कागद माझ्या हातात बघितला आणि विचारलं, "काय निघालं?" मी म्हणाले, "पॉझिटिव्ह आहे, पण..." पुढचं ऐकायला त्या नव्हत्या. तासाभराने आमच्या फाटकावर झाकलेलं पिठलं ठेवून त्या चार पावलं मागे उभ्या राहिल्या आणि पदर नाकाला लावून म्हणाल्या, "बाई, भांडं तिकडंच राहू द्या." त्यानंतर चार दिवस वर्गाला दोनच मुलं आली. त्यातलं एकही उषाबाईंच्या घरचं नव्हतं, हे सांगायला नको. पाचव्या दिवशी हे घरोघर गेले, टपाल वाटावं तसं प्रत्येक दारात उभे राहून सांगून आले की हा रोग कुणाला लागत नाही. मुलं परत आली.

मग सल्ले आले, लागणीची भीती गेल्यामुळे भरपूर आले. उषाबाईंनी आंबट बंद केलं. त्यांच्या नणंदेने वांगं बंद केलं. कुणी भात काढला, कुणी डाळ. रेल्वे फाटकावरच्या काकासाहेबांनी दूध वायूला वाईट असल्याचं सांगितलं आणि ते मेथ्या भिजवून खायला देऊन गेले. शेवटी माझ्या ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथ्या राहिल्या, आणि शेजारच्या ताटात तातेराव माझ्या वाट्याचंही जेवत होते, कारण अन्न वाया घालवायचं नाही.

"बरं वाटून राह्यलं का?" ते विचारायचे.

"तुम्हाला?"

"मला बिलकुल बरं वाटतं."

ऑक्टोबरात दुसरी फेरी होती. या वेळी मी पुरावा घेऊन जायचं ठरवलं. उषाबाईंच्या सुनेकडे नवा फोन आहे. ती सकाळी सहाला आली, माझ्या सुजलेल्या बोटांचे आणि चेहऱ्याचे फोटो काढले, माझ्या फोनवर पाठवले, आणि "काय छान आलेत, बाई" म्हणाली. दवाखान्यात डॉक्टरने ते बघितले. बघत राहिली. मग मला दाखवले. फोटोत एक गोरी, गुळगुळीत गालांची बाई होती. हात तर एखाद्या नवरीचे. सुनेच्या त्या फोनला समोर आलेल्या माणसाला आपणहून सुंदर करायची सवय होती, आणि ती कुठून बंद होते ते सुनेला माहीत नव्हतं. खरं सांगते, आजाराचा पुरावा नाहीसा झाल्याचं दुःख मला जरा उशिरा झालं. आधी मी तो फोटो नीट बघून घेतला.

"ऊन लागलं की गाल लाल होतात ना?" डॉक्टर म्हणाली. "आत्ता तर आहेत लाल."

"हो," मी उत्साहाने म्हणाले. "मुद्दाम दीड तास स्टँडवर उन्हात बसले."

ती हसली. "बाई, जालन्यात ऑक्टोबरच्या उन्हात दीड तास बसलं तर माझेही होतील." बाजूला बसलेल्या तातेरावांचे गाल माझ्यापेक्षा लाल होते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. सगळं अंग झोपेने भरलं होतं. बाहेर फुटलेल्या कापसाची शेतं मागे मागे जात होती, पांढरी, न संपणारी, आणि मला वाटत राहिलं की पुण्याच्या त्या खोलीचे पडदेही असेच हलत असतील, सातव्या मजल्यावर, सकाळी सातला, आणि दारात कुणी झाडू मागणार नाही.

तिसरी फेरी डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी. ही शेवटची, हे मला आणि सुमेधाला दोघींनाही माहीत होतं. मी सगळे रिपोर्ट, चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून खुंटीला लावली. कापड दुकानाच्या आम्हाला दोन सारख्या पिवळ्या पिशव्या मिळालेल्या. दुसरीत वह्या होत्या. निघताना माझी बोटं अजून उठली नव्हती म्हणून पिशवी ह्यांनी घेतली. ती पिशवी ह्यांनी गाडीत मांडीवर ठेवली, रिक्षात छातीशी धरली आणि दवाखान्यात बाकावर माझ्या हाती दिली. मी उघडली. आत चौदा वह्या.

तातेराव आत डोकावले. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चौतीस वर्षं एका माणसाच्या चेहऱ्यावरून उतरताना मी प्रथमच बघत होते.

"पिशव्या सारख्या होत्या," ते शेवटी म्हणाले.

"पत्रंही सारखीच असतात," मी म्हणाले. मग मलाच वाईट वाटलं आणि मी त्यांना चहा आणायला पाठवलं.

आमचा नंबर बावीस होता. आत सहावा चालू होता. रिपोर्ट नाहीत, बोटं मोकळी झालेली, काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी वह्या काढल्या आणि लाल पेन. बाकावर बसल्या बसल्या तपासू लागले. आजूबाजूला कुणी कण्हत होतं, कुणाचं पोर रडत होतं, पंखा गरगरत होता, आणि मला एकदम ओसरीत असल्यासारखं शांत वाटलं. सकाळीच मुलांनी निबंध ठेवले होते. विषय मीच दिलेला, "माझे आवडते माणूस". आकांक्षाची वही आली. चौथीतली मुलगी, आमच्या शेजारच्याच घरातली, बोलत फार नाही. तिने लिहिलं होतं:

"माझ्या आवडत्या माणसाचे नाव बाई आहे. बाई पाच वाजता उठतात. बाईंचे हात साडेनऊला उठतात. मी शाळेत जाते तेव्हा बाई अंगणात वेणी घालतात म्हणजे हात उठले. पोळ्याच्या वेळी हात पंधरा दिवस लवकर उठत होते, तेव्हा बाई फळ्यावर लिहायच्या. आता थंडीत हात जास्त झोपतात. परवा वेणी घातलीच नव्हती. बाई हात पदराखाली लपवतात. आम्ही बघत नाही असे करतो. बाईंना वाईट वाटेल म्हणून आम्ही याला प्रयोग म्हणतो."

मी ते दोनदा वाचलं. एवढी वर्षं मी मुलांना निरीक्षण करायला शिकवलं होतं. ती ते माझ्यावर करतील, हे लक्षात आलं नव्हतं. नाव पुकारलं गेलं तेव्हा वही माझ्या हातात उघडीच होती.

"रिपोर्ट?" डॉक्टरने विचारलं.

"घरी राहिले," तातेराव म्हणाले. "माझी चूक हाये. हे पोरांच्या वह्या आल्या."

डॉक्टरने थकलेल्या नजरेने वही घेतली, परत देण्यासाठीच घेतली असावी. पण तिची नजर निबंधावर पडली आणि ती वाचू लागली. वाचून झाल्यावर तिने मागची पानं उलटली. मग पुढची. मग दुसरी वही मागितली.

"ही सही आज दुपारची?"

"आत्ता बाहेर केली."

"आणि ही कालची?"

"काल पहाटेची."

तिने दोन्ही शेजारी धरल्या. आजची माझी नेहमीची, वळणदार. कालची म्हणजे कोंबडीने पानावरून चालत जावं तशी. तिने जूनपर्यंत मागे जात एकेक दिनांक बघितला. जुलैच्या मध्यापासून अक्षर विस्कटत गेलेलं. पोळ्याच्या आसपास दोन आठवडे सरळ. नंतर पुन्हा. नोव्हेंबर संपता संपता "छान" मधला न जेमतेम न होता. चौदा वह्यांत तेच, त्याच त्याच तारखांना. ती मध्ये मध्ये कागदावर काही उतरवून घेत होती. खोलीत फक्त पानांचा आवाज. मला वाटलं, माझी तपासणी चालू आहे, आणि या वेळी सगळं व्यवस्थित नाही.

"बाई," ती म्हणाली, "दोन्ही वेळा मी तुम्हाला विचारलं, त्रास होतो का. तुम्ही म्हणालात बरी आहे."

"सवय आहे."

"या मुलीला नव्हती ती सवय. तिने चार तासांचं आखडणं सांगितलं, कमी-जास्त कधी होतं ते सांगितलं. हे मला पहिल्या दिवशी हवं होतं."

"मग कळलं का नाव?" मी विचारलं. तातेरावांनी चहाचा रिकामा कप उगाच ह्या हातातून त्या हातात घेतला.

तिने पेन खाली ठेवलं. "कुटुंब कळलं. नाव अजून नाही. अंगातली राखण करणारी यंत्रणा घरच्याच माणसाला परकं समजून अडवते, अशा आजारांचं हे कुटुंब. त्यातला नेमका कोणता, ते कधी वर्षाने कळतं, कधी कळतच नाही. पण औषध आजपासून सुरू करता येईल. डोळे तपासून घ्यावे लागतील, ऊन टाळायचं, आणि स्टँडवर बसायचं नाही."

"म्हंजे नवा पोस्टमन," तातेराव म्हणाले. "घर बराबर, माणूस वळखत न्हाई."

"तसंच," डॉक्टर म्हणाली. तातेरावांचा चेहरा पिशवी उघडल्यापासून पहिल्यांदा सरळ झाला.

मी विचारलं, वर्ग बंद करावा लागेल का. ती म्हणाली, "थकाल तेव्हा थांबा. बाकी वह्या तपासत राहा. सही, दिनांक. तीन महिन्यांनी या, पण रिपोर्टही आणा." हे तिने कागदावर, गोळ्यांच्या खाली लिहूनही दिलं.

संध्याकाळी सुमेधाचा फोन. मी कुटुंब, यंत्रणा, गोळ्या, सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"नाव काय पण?"

"नाव नाही."

"मंग आपलं ठरलं होतं, मम्मी."

"हो, ठरलं होतं," मी म्हणाले. आणि मग, मला वाटतं आयुष्यात प्रथमच, मी कुणाला तरी पूर्ण उत्तर दिलं. सकाळी मूठ मिटत नाही. वेणी घालता येत नाही. दुपारी असा थकवा येतो की भिंत धरून आत जाते. भीती वाटते. एक दिवस पेन मुठीतही राहणार नाही याची वाटते, आणि त्याहून जास्त, सकाळी सातला दार उघडलं आणि ओसरीत कुणी नसलं तर, याची वाटते.

"हे तू मला सांगितलं न्हाई कधी," ती म्हणाली. आवाज ओला होता.

"तू तारीख विचारत होतीस."

"बरं," ती नाक ओढत म्हणाली. "मी येते शनिवारी. चार दिवस ऱ्हाते. बघते सकाळचं तुझं. पुण्याचं नंतर बघू." तेवढ्यात तातेरावांनी फोन घेऊन तिला विचारलं, त्या पडद्यांचं आता काय, आणि तिने त्यांना काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी. ओसरीवर धुकं इतकं की फाटक दिसत नव्हतं, मुलं धुक्यातून एकेक करून तयार होत होती. शाली, कानटोप्या. झाडून झालं. सतरंजी अंथरली. सगळे बसले आणि माझ्याकडे बघू लागले, म्हणजे सवयीप्रमाणे माझ्या हातांकडे न बघता बघू लागले.

मी हात पदराबाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. बोटं सुजून गाजरासारखी झाली होती.

"अजून उठले नाहीत," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. आकांक्षाने मान खाली घातली. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "कधी उठतील, बाई?"

"माहीत नाही. थांबू या जरा."

मुलं थांबली. चौदा मुलं एवढी गप्प मी तेहेतीस वर्षांत बघितली नव्हती. एकाने आपली मूठ मिटून उघडली, सावकाश, मला जमत होती तेवढीच. मग शेजारच्याने. मग सगळ्यांनी. धुक्यात अठ्ठावीस लहान मुठी मिटत होत्या, उघडत होत्या, आणि त्यांच्या मागोमाग, अर्ध्यापर्यंत, माझ्याही.

आतून तातेराव ओरडले, "आवाज कामून येऊन न्हाई राह्यला? वर्ग सुरू झाला का न्हाई?"

"झालाय," मी म्हणाले.